शोभिवंत माशांचे छायाचित्रण : खरा रंग कसा टिपावा

शेतीला पूरक असे जे जोडधंदे आहेत, त्यांत शोभिवंत माशांच्या संवर्धनाने आता आपले स्थान मिळविले आहे. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांसारखे पिल्ले घालणारे मासे आणि गोल्डफिश, एंजल, गोरामी, फायटर यांसारखे अंडी घालणारे मासे परसातील सिमेंटच्या हौदात किंवा काचेच्या टाकीत वाढविता येतात. केंद्र सरकारने २०२० साली सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धनाचा समावेश करण्यात आला. या धंद्यास जागा थोडी लागते, पाण्याचा खर्च बेताचा असतो आणि घरातील स्त्रियांना तो घरकाम सांभाळून करता येतो.

मासे वाढविणे हा धंद्याचा अर्धा भाग होय. उरलेला अर्धा भाग विक्रीचा. पूर्वी खरेदीदार हौदावर येऊन, माल डोळ्यांनी पाहून भाव ठरवीत असे. आता पुष्कळसा व्यवहार मोबाइल फोनवर पाठविलेल्या छायाचित्रावरून ठरतो. अशा व्यवहारात छायाचित्राचे काम तराजूसारखे असते. तराजूत खोट असेल तर एकदा फायदा होतो. पण ती खोट उघडकीस आली म्हणजे गिऱ्हाईक कायमचे तुटते. म्हणून हे छायाचित्र स्पष्ट तर असावेच, परंतु त्याहीपेक्षा ते खरे असावे. ते कसे घ्यावे याची माहिती मत्स्यपालकांसाठी व ग्रामपातळीवरील विस्तार कार्यकर्त्यांसाठी पुढे दिली आहे.

माशाचा रंग कशाने बनतो

माशाचा रंग ही कापडाच्या रंगासारखी स्थिर वस्तू नाही. माशाच्या त्वचेत निरनिराळ्या प्रकारच्या रंगपेशी असतात. काही पेशींत मेलॅनिन हे काळे द्रव्य असते. पिवळ्या, नारिंगी व तांबड्या रंगांच्या पेशींत बव्हंशी कॅरोटिनॉइड वर्गातील द्रव्ये असतात. गाजराचा व झेंडूच्या पाकळ्यांचा रंगही याच वर्गातील द्रव्यांमुळे येतो. तिसऱ्या प्रकारच्या पेशींत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात व ते लहान लहान आरशांप्रमाणे प्रकाश परतवितात. निऑन टेट्रा या माशाच्या अंगावरील निळी झळाळती पट्टी अशा स्फटिकांमुळे दिसते. तेथे निळे रंगद्रव्य नसते.

यावरून तीन व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट खाद्याची. कॅरोटिनॉइड द्रव्ये मासा स्वतःच्या शरीरात तयार करू शकत नाही. ती त्याला खाद्यातूनच मिळावी लागतात. सुकवून दळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, गाजर, स्पिरुलिना किंवा सुकटीची पूड यांचा खाद्यात योग्य प्रमाणात उपयोग केल्यास तांबडा व पिवळा रंग खुलतो. मात्र त्यास काही आठवडे लागतात. फिक्या माशावर छायाचित्रकाराचे कौशल्य फार काळ पांघरूण घालू शकत नाही. चांगल्या छायाचित्राची सुरुवात खाद्याच्या भांड्यापासून होते, ती अशी.

दुसरी गोष्ट भोवतालच्या परिस्थितीची. पांढऱ्या तळाच्या हौदात मासा फिका पडतो, गडद तळावर गडद होतो. जाळ्यात सापडलेला, भ्यालेला किंवा दाटीत ठेवलेला मासाही फिका दिसतो. रात्रीच्या अंधारात निऑन टेट्राची पट्टी निस्तेज होते व उजेड झाल्यावर हळूहळू पूर्ववत होते. म्हणून हौदातून काढल्याबरोबर घेतलेले छायाचित्र माशावर अन्याय करते.

तिसरी गोष्ट प्रकाशाच्या दिशेची. स्फटिकांमुळे दिसणारी झळाळी प्रकाश कोणत्या बाजूने येतो यावर अवलंबून असते. तोच मासा एका बाजूने निळा, तर दुसऱ्या बाजूने करडा दिसू शकतो. दिवा कोठे ठेवावा हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

छायाचित्रणाची टाकी

मोठ्या टाकीत मासा पुढेमागे फिरतो, त्यामुळे तो पुष्कळदा अस्पष्ट येतो. यासाठी एक लहान, अरुंद टाकी वेगळी करून घ्यावी. गप्पी, मोली, प्लॅटी इत्यादी लहान माशांसाठी ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर उंच व १० सेंटिमीटर रुंद अशी टाकी पुरते. काठोकाठ भरल्यास तीत सुमारे ६ लिटर पाणी मावते. एंजलसारख्या उंच माशासाठी उंची ३० सेंटिमीटर ठेवावी. टाकीच्या आत मावेल अशी एक सुटी काच कापून घेऊन तिच्या कडा घासून बोथट कराव्यात. ही काच आत उभी सरकवून माशाला पुढच्या काचेजवळ, परंतु त्याला सहज वळता येईल इतक्या जागेत ठेवता येते. मासा काचांमध्ये चेपला जाईल इतकी ती कधीही पुढे आणू नये.

काच आतून व बाहेरून स्वच्छ सुती कापडाने पुसावी; साबण मुळीच वापरू नये. पाणी माशाच्या स्वतःच्या हौदातीलच घ्यावे आणि ते दुपदरी फडक्यातून गाळावे. नळाचे ताजे पाणी वापरल्यास त्यातील क्लोरीन माशाला बाधते, तापमानात फरक पडतो आणि काचेच्या आतील बाजूस बुडबुडे जमतात. छायाचित्रात हे बुडबुडे एखाद्या रोगाच्या डागांसारखे दिसतात, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

टाकीच्या मागे एकरंगी कापड किंवा पुठ्ठा लावावा. बहुतेक माशांना गडद निळी किंवा करडी पार्श्वभूमी मानवते. काळ्या मोलीसारख्या माशाला फिकट करडी ठेवावी. एकदा निवडलेली पार्श्वभूमी त्या जातीसाठी वारंवार बदलू नये, म्हणजे एका खेपेच्या छायाचित्राची दुसऱ्या खेपेच्या छायाचित्राशी तुलना करता येते.

प्रकाशयोजना

दिवसाचा, परंतु थेट उन्हाचा नसलेला उजेड सर्वांत सोयीचा असतो. पडवीत किंवा छपराखाली सकाळच्या वेळी टाकी अशी ठेवावी की उजेड वरून व किंचित पुढून माशाच्या अंगावर पडेल. माशाच्या मागून आलेल्या उजेडात मासा काळा दिसतो. थेट उन्हात थोडे पाणी लवकर तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणून टाकी उन्हात कधीही ठेवू नये.

दिवा वापरावयाचा असल्यास तो टाकीच्या वर, पुढच्या काचेकडे झुकलेला ठेवावा. काही दिवे डोळ्यांना स्थिर भासले तरी प्रत्यक्षात लुकलुकत असतात. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. त्यामुळे अशा दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीअधिक होतो व छायाचित्रात आडवे पट्टे उमटतात. पट्टे दिसल्यास दिवा बदलावा किंवा दिवसाच्या उजेडात काम करावे. पाण्याजवळ विजेचे काम असल्याने दिवा पक्का बांधावा, उघड्या तारा ठेवू नयेत आणि ओल्या हातांनी बटणास स्पर्श करू नये.

मोबाइल फोनचा स्वतःचा झगमगता दिवा, म्हणजे फ्लॅश, बंद ठेवावा. त्याचा प्रकाश काचेवर आपटून सरळ भिंगात परत येतो. छायाचित्र घेणाऱ्याचे पांढरे कपडेही काचेत उमटतात. यासाठी गडद कपडे घालावेत किंवा काळ्या पुठ्ठ्याला भिंगापुरते भोक पाडून त्यातून छायाचित्र घ्यावे. हा पुठ्ठा पैशाने क्षुल्लक, परंतु उपयोगाने मोठा आहे.

माशाची पूर्वतयारी

छायाचित्रासाठी सकाळची, खाद्य घालण्यापूर्वीची वेळ निवडावी, म्हणजे पाणी माशाच्या विष्ठेने गढूळ होत नाही. मासा शक्यतो जाळ्याने न उचलता वाडग्याने पाण्यासह उचलावा. त्यामुळे पंख फाटत नाहीत व खवले निघत नाहीत. टाकीत सोडल्यावर मासा प्रथम पंख मिटून एका कोपऱ्यात राहतो. अशा वेळी कोणीही टाकीजवळ वावरू नये. सुमारे २० ते ३० मिनिटांत त्याचे पंख उघडू लागतात व रंग परत येतो. तसे न झाल्यास मासा हौदात परत सोडून दुसऱ्या दिवशी प्रयत्न करावा. लहान टाकीत एका माशाला एका तासाहून अधिक वेळ ठेवू नये. तो वर येऊन तोंडाने हवा घेऊ लागला किंवा त्याच्या कल्ल्यांची हालचाल फार जलद झाली, तर काम तत्काळ थांबवावे. गोरामी व फायटर हे मासे एरवीही वर येऊन हवा घेतात. त्यांच्या बाबतीत कल्ल्यांच्या हालचालीवरूनच अंदाज करावा.

गप्पीच्या नराबरोबर मादी ठेवल्यास नर आपले पंख पसरून दाखवितो. फायटर नरासमोर लहान आरसा धरल्यास तो पंख व कल्ले फुलवितो. परंतु आरसा एक-दोन मिनिटांहून अधिक धरू नये, कारण त्यात माशाची शक्ती खर्ची पडते.

छायाचित्र घेण्याची रीत

१. फोनचे भिंग मऊ कापडाने पुसावे. भिंगावरील बोटाचा ठसा हे अस्पष्ट छायाचित्राचे एक नेहमीचे कारण आहे.

२. फोन माशाच्या पातळीवर, काचेशी काटकोनात धरावा. काचेकडे तिरपे पाहिल्यास पाणी व काच यांतून येताना प्रकाश वळतो आणि त्यातील रंग किंचित वेगळे होतात. त्यामुळे माशाच्या कडा पुसट व रंगीत झालर लावल्यासारख्या दिसतात.

३. फोन फार जवळ नेऊ नये. १५ ते २० सेंटिमीटर अंतरावरून छायाचित्र घेऊन मागाहून जरुरीपुरता भाग कापून घ्यावा.

४. पडद्यावर माशाच्या डोळ्यावर बोट दाबून धरावे, म्हणजे बहुतेक फोनांत भिंगाचा रोख तेथे पक्का होतो. डोळा स्पष्ट आला तर सर्व मासा जिवंत वाटतो.

५. पार्श्वभूमी गडद असली म्हणजे फोन सर्व चित्र उजळ करू पाहतो व माशाचे चकचकीत भाग पांढरे होऊन जातात. अशा वेळी पडद्यावरील उजेडाची खूण थोडी खाली ओढावी.

६. ज्या फोनात वेळ ठरविण्याची सोय आहे, त्यात ती सेकंदाच्या दोनशेव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी ठेवावी. याहून अधिक वेळ ठेवल्यास शेपटीची हालचाल पुसट येते.

७. माशाच्या मागे फोन फिरवू नये. फोन स्थिर ठेवून मासा समोर येण्याची वाट पाहावी आणि तो आडवा, पंख उघडलेला असा दिसताच ओळीने अनेक छायाचित्रे घ्यावीत. वीस छायाचित्रांतून दोन चांगली निघाली तर श्रम सार्थकी लागले असे समजावे.

छायाचित्र आणि माल यांचा मेळ

आंब्याच्या पेटीत वरच्या थराला मोठी फळे व खालच्या थराला बारकी फळे भरणारा बागाईतदार बाजारात फार दिवस टिकत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. शंभर माशांतील सर्वांत सुंदर एक मासा निवडून त्याचेच छायाचित्र पाठविणे, हा त्याच वरच्या थराचा प्रकार होय. शिवाय येथे एक अडचण अधिक आहे. कापड किंवा भांडे न पटल्यास परत करता येते. जिवंत मासा परतीच्या प्रवासात बहुधा दगावतो. म्हणून वाद झाला की नुकसान कोणाच्या तरी पदरी पडतेच.

उदाहरणादाखल हिशेब पाहावा. समजा, एका मत्स्यपालकाने गप्पीच्या २०० जोड्या २० रुपये जोडी या दराने ठरविल्या. मालाची किंमत ४००० रुपये झाली. पिशव्या उघडल्यावर ५० जोड्या छायाचित्राहून हलक्या आढळल्या व खरेदीदाराने त्यांचे पैसे नाकारले, तर हाती ३००० रुपये येतात. गेलेले १००० रुपये हा लहान तोटा. पुढील महिन्याची मागणी आली नाही, हा मोठा तोटा.

हे टाळण्यासाठी विक्रीच्या प्रत्येक खेपेस पुढीलप्रमाणे चार चित्रे पाठवावीत : मध्यम प्रतीच्या एका माशाचे बाजूने घेतलेले छायाचित्र, त्याच माशाचे काचेला सेंटिमीटरची पट्टी चिकटवून घेतलेले छायाचित्र, सर्व माल एकत्र दिसेल असे हौदाचे छायाचित्र, आणि मासे पोहत असल्याचे १५ ते २० सेकंदांचे चलचित्र. गोल्डफिशच्या बाबतीत वरून घेतलेले एक छायाचित्र अधिक जोडावे, कारण पाठीची ठेवण व शेपटीचा पसारा वरूनच चांगला कळतो. प्रत्येक चित्राबरोबर तारीख, हौदाचा क्रमांक, जात, लांबी व नर-मादी यांची संख्या लिहावी.

फोनमध्ये रंग वाढविण्याच्या पुष्कळ सोयी असतात. विक्रीच्या छायाचित्रासाठी त्या वापरू नयेत. पडताळणीची सोपी रीत अशी : छायाचित्र उघडून फोन टाकीशेजारी धरावा आणि घरातील दुसऱ्या माणसाला विचारावे की, दोन्ही रंग सारखे दिसतात काय. छायाचित्र पिवळसर वाटल्यास टाकीजवळ पांढरा कागद धरून एक छायाचित्र घ्यावे. कागद पांढरा दिसेपर्यंत उजेडाची किंवा फोनची मांडणी बदलावी. एवढी दुरुस्ती खोटेपणाची नव्हे, कारण तिने चित्र खऱ्याच्या जवळ जाते.

जी लबाडी छायाचित्रात करावयाची नाही, ती माशाच्या अंगावरही करू नये. आपल्या देशातील गोड्या व मचूळ पाण्यात एक पारदर्शक काचमासा आढळतो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पॅरांबॅसिस रंगा हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव होय. त्याच्या अंगातून काट्यांची रांग दिसते, हेच त्याचे सौंदर्य. परंतु परदेशी व्यापारात या माशाच्या अंगात सुईने रंग टोचून तो रंगीत म्हणून विकण्याचा प्रकार चालत आला. असा रंग काही महिन्यांत विरून जातो आणि जखमांमुळे माशास रोग जडण्याचा संभव असतो. गप्पीच्या माद्यांना नराचे संप्रेरक खाद्यातून देऊन रंग आणण्याचा प्रकारही असाच. त्याने प्रजननक्षमतेस बाधा पोहोचू शकते. ज्या मत्स्यपालकास आपली मातृपैदास टिकवावयाची आहे, त्याने या मार्गास जाऊ नये.

प्राणवायू भरलेल्या पिशवीतून प्रवास केलेला मासा उतरल्यावर फिका दिसतो. ही गोष्ट खरेदीदारास अगोदरच कळवावी व मासे नवीन पाण्यात स्थिरावल्यावर, दुसऱ्या दिवशी पाहून मत द्यावे, अशी विनंती करावी. पिशव्या बांधण्यापूर्वी घेतलेले छायाचित्र जपून ठेवल्यास दोन्ही पक्षांस पुरावा राहतो.

रोगनिदानासाठी छायाचित्र

खेड्यातील मत्स्यपालकास तज्ज्ञ जवळ मिळतोच असे नाही. अशा वेळी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे पाठविलेले स्पष्ट छायाचित्र वेळ वाचविते. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसल्यास बाजूने छायाचित्र घ्यावे. अंगावर बारीक सोनेरी भुकटी पडल्यासारखे वाटल्यास अंधारात बाजूने विजेरीचा झोत टाकून ते घ्यावे. पोट फुगून खवले उभे राहिले असल्यास वरून घेतलेले चित्र अधिक बोलके होते. कुजलेल्या पंखाचे जवळून एक व संपूर्ण माशाचे एक, अशी दोन छायाचित्रे घ्यावीत.

औषध घालण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, कारण काही औषधांनी पाणी व मासा दोन्ही रंगतात. छायाचित्राबरोबर पाण्याचे तापमान, सामू, शेवटी पाणी केव्हा बदलले, नवीन मासे केव्हा आणले आणि रोज किती मासे मरतात, ही माहिती लिहावी. मात्र सर्व रोग छायाचित्रावरून ओळखता येत नाहीत. कल्ल्यांतील सूक्ष्म कृमी पाहण्यास सूक्ष्मदर्शकच लागतो. अशा वेळी तज्ज्ञाच्या सांगण्याप्रमाणे मासा तपासणीसाठी न्यावा. रोगी माशासाठी वापरलेली टाकी, वाडगा व फडके निरोगी माशांसाठी तशीच वापरू नयेत. ती निर्जंतुक करून, धुऊन उन्हात पूर्ण वाळवावीत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

या विषयाचे व्याख्यान देण्यापेक्षा प्रात्यक्षिक अधिक परिणामकारक ठरते. गावातील एखाद्या मत्स्यपालकाच्या पडवीत सकाळी आठ-दहा जणांना जमवावे. प्रथम एक मासा जाळ्याने काढून लगेच छायाचित्र घ्यावे. नंतर तोच मासा लहान टाकीत, योग्य उजेडात अर्धा तास स्थिर होऊ द्यावा व दुसरे छायाचित्र घ्यावे. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी दाखविली म्हणजे रंग वाढविण्याच्या युक्त्यांची गरज नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

गावातील महिला बचत गटाने एक टाकी, एक पट्टी व एक काळा पुठ्ठा सामाईक ठेवल्यास खर्च वाटला जातो. मात्र एकाच्या हौदातून दुसऱ्याच्या हौदात रोग जाऊ नये म्हणून प्रत्येक वेळी टाकी वरीलप्रमाणे स्वच्छ करूनच पुढे द्यावी. ज्या नर-मादीपासून पैदास घ्यावयाची, त्यांची छायाचित्रे हौदाच्या क्रमांकासह वहीत नोंदवून ठेवण्याची सवयही लावावी. दोन-तीन पिढ्यांनंतर कोणत्या जोडीची प्रजा रंगाने व बांध्याने सरस निघाली, हे त्या नोंदींवरून कळते आणि पुढील निवड अंदाजाने न होता आधाराने होते.

सारांश

मासा चांगला पोसावा. त्याला विसावा द्यावा. काच व भिंग स्वच्छ ठेवावे. उजेड वरून व पुढून घ्यावा. फोन काचेशी काटकोनात धरावा. आणि मध्यम प्रतीचा मासा मापासह दाखवावा. खरेदीदाराने पिशवीतील मासे आपल्या टाकीत सोडल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला जे दिसेल, तेच छायाचित्रात आधी दिसलेले असावे. ज्या मत्स्यपालकाचे छायाचित्र या कसोटीस उतरते, त्याच्या मालाचा भाव ठरविताना घासाघीस कमी होते आणि पुढची मागणी आपण होऊन येते.